वडाचा पार

दर उन्हाळ्यात तो मेंढपाळ घाटनांदूर रस्त्यावरच्या आमच्या वडाखाली टेकायचा आणि उठताना तांब्याभर पाणी मुळाशी ओतायचा. त्याचं नाव आम्ही कधी विचारलं नाही.

दुष्काळात वड वाळू लागला, म्हणून गावानं वर्गणी काढली. सोसायटीच्या चेअरमननं त्या पैशातून थेट बुंध्याला भिडवून सिमेंटचा पार बांधला आणि त्याच्या दर्शनी अंगाला देणगीदारांच्या नावांची पाटी लावली.

उद्घाटनाला तो मेंढपाळ आला. उकिडवा बसून बुंध्याभोवती हात फिरवत राहिला.

"मातीच न्हाई ठिवली. पाणी कुठं घालू?"

"बाबा, सरका, फोटो होऊ द्या," चेअरमन म्हणाले.

"फोटो मरू द्या! झाड पाणी पितं कुठून, ते दावा आदी!"

आम्ही नालायक दात काढत उभे होतो. त्यानं तांब्या तिथंच रिकामा केला. पाणी पाटीवरून ओघळलं, माझ्याही नावावरून, आणि डांबरावर वाळून गेलं.