पाण्याच्या जारवर बसणारे सर

नवा कोच येणार असला की सहायक कोच सोनकांबळे सर मैदानाच्या कडेची त्याची प्लास्टिकची खुर्ची ओल्या फडक्याने पुसत, पाय डगमगत नाहीत ना हे दाबून बघत आणि स्वतः शेजारच्या पाण्याच्या जारवर जाऊन बसत. कोचला काढून टाकलंय, दुसरा अजून आलेला नाही, संघ सरांच्याच हाती आहे, तरीही खुर्ची रिकामी आणि सर जारवर. मी एकदा म्हटलं, "सर, प्रभारी का होईना, सध्या कोच तुम्हीच ना? बसा की."

"नको बाई. जारवर बसलं की पोरं पानी प्यायला येत्यात अन् मला उठवत्यात. तेवढंच त्यांच्याशी बोलनं होतंय."

ही लातूरची गोष्ट आहे. जळकोटच्या शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले आणि नातीच्या मेडिकलच्या क्लाससाठी लातुरात खोली करून राहिले. नात दिवसभर क्लासला. मग मी डाळमिलवाल्या अप्पांच्या फुटबॉल क्लबचं ऑफिस सांभाळू लागले. तेव्हा मी अवघी एकोणसाठ वर्षांची पोर. केसांना मेंदी, खांद्याला पर्स, आणि आपल्यावाचून कुठलाही कार्यक्रम होऊच शकत नाही असा ठाम समज. फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्या सामन्यात कुणीतरी 'ऑफसाईड' ओरडलं तेव्हा मी पदर सावरून बाजूला झाले होते.

क्लब राज्याच्या व्यावसायिक लीगमध्ये होता, आणि तळाशी होता. अप्पा माणूस दिलदार, पण अस्सल लातूरकर. इथल्या क्लासमध्ये निकाल घसरला की सर बदलतात. अप्पांनी तोच उपाय फुटबॉलला लावला. गोव्याचा कोच आला आणि गेला. कोलकात्याचा आला, त्याने मिलच्या गेस्टहाऊसमध्ये मासे तळले आणि शाकाहारी अप्पांनी त्याला त्याच आठवड्यात निरोप दिला. कोल्हापूरचा आला, त्याने अप्पांच्या जावयाला मैदानावरून स्कूटर नेऊ नको म्हणून सांगितलं. हा जावईच तेव्हा क्लबचा मॅनेजर होता. पुढे जावयाला काढून भाचा आणला आणि भाच्याला काढून एका क्लासचे निवृत्त व्यवस्थापक. त्यांनी पोरांची दर रविवारी फुटबॉलवर लेखी परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि पहिल्या आलेल्याचा फ्लेक्स लावला. पहिला आला होता आमचा राखीव गोलकीपर. तो हंगामात एकदाही मैदानात उतरला नाही.

प्रत्येक नव्या कोचचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ, फेटा आणि माझं सूत्रसंचालन. गोव्याच्या कोचसाठी मी 'सागरासारखं अथांग व्यक्तिमत्त्व' अशी चारोळी केली होती. कोल्हापूरवाल्यालाही तीच वाचली. कोल्हापूरला समुद्र नाही हे मला दुसऱ्या दिवशी नातीने सांगितलं. प्रत्येक वेळी मला मनापासून वाटायचं, हाच आता तारणार. मी हे सरांना सांगायला जायची, सोबत ऑफिसातल्या बातम्याही: कोण जाणार, कोण येणार, अप्पा कुणावर चिडले. सर सगळं ऐकून घेत आणि एकच विचारत, "हाव बाई. पन बॉल कुठं हाय?"

त्यांचा तो ठेवणीतला प्रश्न होता. भाचा आणि जावई ऑफिसात एकमेकांच्या अंगावर धावून गेले तेव्हाही दारातून तोच. मैदानावरही तोच. पोरं पंचाशी भांडत बसली की कडेवरून आवाज येई, "पन बॉल कुठं हाय?"

संघातली निम्म्याहून जास्त पोरं किनवटची. सर तिथल्या आश्रमशाळेत पी.टी.चे शिक्षक होते. बंजारा तांड्यांवरची ही पोरं त्यांनी अनवाणी असल्यापासून घडवली होती आणि क्लब निघाला तेव्हा स्वतःबरोबर लातूरला आणली होती. त्यांच्या आयांना शब्द दिला होता, की पोरं खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती होईपर्यंत खेळत राहतील. त्याला अजून एक हंगाम हवा होता. आणि अप्पांनी जाहीर करून टाकलं, की संघ लीगमधून खाली घसरला तर क्लब बंद, मैदानावर गोदाम.

शेवटचा सामना जिंकलो तरच टिकणार होतो. कोच नव्हता; सर प्रभारी. त्या आठवड्यात सरांचं जेवण सुटलं. मी डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेऊन द्यायची, ते डबा तसाच परत द्यायचे. "घशाखाली उतरंना झालंय बाई. पोरं परत गेली तर त्या माऊल्यांना तोंड कसं दाखवू?"

सामन्याच्या सकाळीच पुण्याहून नवा कोच येऊन थडकला. अप्पांनी त्याला ठरवून टाकलं होतं, सरांना न सांगता. सत्कार सामन्यानंतर होता. पण प्रमुख पाहुण्यांना औशाला लग्न गाठायचं होतं. मध्यंतराला आम्ही एका गोलने पुढे होतो, अप्पा खुशीत होते. म्हणाले, आत्ताच उरकून घेऊ.

मध्यंतराची ती पंधरा मिनिटं म्हणजे कोचने पोरांशी बोलायची एकमेव वेळ, हे मला माहीत नव्हतं. घामाने निथळणारी पोरं मंचासमोर रांगेत उभी केली. पाहुणे बोलले, अप्पा बोलले, मीही सागराची चारोळी सोडली नाही. समोरचा संघ सावलीत आपल्या कोचभोवती कोंडाळं करून बसला होता. पंच दोनदा घड्याळ दाखवून गेला. मग अप्पांना सुचलं, की नव्या कोचला शाल सोनकांबळे सरांच्याच हातून द्यावी.

सर जारवरून उठले. शाल उलगडली, नीट खांद्यावर घातली. त्यांचा चेहरा मला जवळून दिसत होता. ज्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत, ती त्या क्षणी त्यांच्याच हातून दुसऱ्याला दिली जात होती. मी सवयीने म्हटलं, "सरांनी नव्या प्रशिक्षकांविषयी दोन शब्द बोलावेत."

सरांनी माझ्या हातातून माईक घेतला आणि गोरमाटीत बोलायला लागले. ती तांड्यावरची बोली, आश्रमशाळेत शिकवता शिकवता सर ती घरच्यासारखी बोलायला शिकले होते. मला एक अक्षर कळलं नाही, अप्पांना नाही, समोरच्या संघालाही नाही. नवा कोच हात जोडून उभा. सर बोलले, माईक मला परत दिला, आणि पोरांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. अप्पा माझ्या कानात म्हणाले, "बघा, केवढं मोठं मन हाय मानसाचं."

दुसरा अर्धा भाग मी बघितला म्हणण्यापेक्षा सोसला. बॉल सारखा आमच्याच गोलपाशी. आमची पोरं धडपडत होती, उठत होती, गोळे आलेले पाय ओढत पळत होती. नवा कोच शाल पांघरून खुर्चीत. सर जारवर, दोन्ही मुठी गुडघ्यांत दाबलेल्या. आमच्या गोलकीपरने, प्रेमसिंग राठोडने, शेवटचा बॉल छातीवर घेतला आणि तो पोटाशी धरून पालथा पडला, तेव्हा शिट्टी वाजली.

आम्ही टिकलो. लोकांनी उचलून घेतलं नव्या कोचला. अप्पा सगळ्यांना सांगत होते, "ह्याला म्हनत्यात पायगुण."

पायगुणवाल्याने महिन्याभरात आपला सहायक पुण्याहून आणला. सरांना निरोप सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते पंपाने बॉलमध्ये हवा भरत होते. मी कसंबसं सांगितलं.

"पोरं ऱ्हायली न्हवं?"

"राहिली."

"मग झालं की," म्हणाले आणि हातातला बॉल पुरता भरून टाकला.

दुसऱ्या दिवशी ते नांदेडच्या एसटीत बसून गेले. क्लब अजून एक हंगाम चालला, त्यात आणखी दोन कोच झाले, मग गोदाम उभं राहिलं. पण त्या एका हंगामात प्रेमसिंग आणि आणखी चौघं पोलिसात लागली.

सर गेल्या हिवाळ्यात गेले. किनवटला आदरांजलीच्या सभेत माईक माझ्याच हाती आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चारोळी आठवली नाही. मी पहिल्या रांगेतल्या प्रेमसिंगला म्हटलं, "बाबा, तूच बोल. सर त्या दिवशी माईकवर काय बोलले होते तेवढं सांग."

तो खाकी वर्दीतच आला होता. उभा राहिला. "आधी कुनी कुठं उभं ऱ्हायचं ते सांगितलं. मंग म्हनले, शाल कुनाच्या खांद्यावर हाय ते बघू नका. मी उद्या हितं नसनार, तेबी डोक्यात आनू नका. बॉल कुठं हाय तेवढं बघा." त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "अन् शेवटी म्हनले, आता टाळ्या वाजवा जोरात, न्हाईतर अप्पाला कळंल."

आदरांजलीच्या सभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, एवढं मला समजतं. सूत्रसंचालनात जन्म गेलाय. तरी पहिली टाळी माझीच होती.