दयानंदची चूक

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. ती आत निशाच्या उशीला नवा अभ्रा घालतेय, म्हणून जरा हळू बोलतो. निशा कोण, ते येईलच पुढे.

मी विक्रोळीच्या एका कारखान्यात होतो. जहाजावरून छोटी बचाव-बोट पाण्यात सोडायची विंच आम्ही बनवायचो. एका बेटाच्या देशाला आपल्या सरकारनं गस्तीनौका भेट दिली — देशाचं नाव घेत नाही, मैत्री अजून चालू आहे. त्यांचे खलाशी विंच शिकायला आमच्याकडे आले. शिकवणारा मी. त्यांचा अधिकारी दयानंद. त्याचे पूर्वज कधीतरी रत्नागिरीकडून तिकडे ऊस तोडायला गेलेले, घरात मोडकंतोडकं मराठी टिकलेलं. मला काका म्हणायचा. रविवारी नाहूरला आमच्याकडे जेवायला यायचा, बायको त्याला आग्रहानं सोलकढी वाढायची. ती नौका त्याच्याच हाताखाली येणार होती. त्याशिवाय दुसरं बोलणंच नाही त्याचं!

शेवटच्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. त्यांच्या वकिलातीचे लोक, आपल्या नौदलाचे साहेब, हार, समोसे — सगळा थाट. त्याआधी विंच एकदा तपासावी म्हणून मी सुरक्षेची पिन — बोट एकदम सुटू नये म्हणून असते ती — काढली. आणि — काय सांगू? साहेबांनी हाक मारली, मी शर्ट खोचत पळालो. पिन माझ्या खिशातच राहिली.

दयानंदनं लिव्हर ओढला आणि बोट धाडकन खाली आली. त्यांच्याच एका खलाशाचा पाय तिच्याखाली चिरडला.

चौकशी झाली. चौकशी कसली — दोन्ही बाजूंना एकच घाई, मैत्रीला गालबोट नको. आमच्या साहेबांनी विचारलं, पिन कोणी काढली? ती तेव्हा माझ्या मांडीला टोचत होती. मी घाबरलो. मी म्हणालो, "मी लावली होती साहेब. सकाळी दयानंद तिथं ग्रीस लावत होता, त्यानंच काढली असेल."

पिन मी संध्याकाळी खाडीत फेकली.

तुम्हाला वाटेल, चौकशीत समोरच उभा असलेला दयानंद भांडला असेल. भांडला असता तर बरं झालं असतं! त्यानं माझ्याकडे बघितलं, आठवायचा प्रयत्न केला — आणि विश्वास ठेवला. स्वतःवर नाही, माझ्यावर. बाहेर आल्यावर माझे हात धरून माफी मागितली त्यानं. माझ्यामुळे तुमच्या कामाला बट्टा लागला, म्हणाला. आणि मी काय केलं? होतं असं कधीकधी, म्हणून त्याची पाठ थोपटली. आहे की नाही कमाल?

नौका दुसऱ्या कोणाला मिळाली. दयानंदला बंदराच्या कचेरीत बसवलं, तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. दर गणपतीला फोन मात्र न चुकता करतो. मी दोन शब्द बोलून फोन बायकोकडे देतो.

आता त्याच्या मुलीला, निशाला, त्याच मैत्रीखातर देतात ती शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईत राहणार कुठे? काकांकडे! नाही म्हणायला मी काय कारण देणार होतो? बायको तर हरखूनच गेली. माझी मात्र घरातल्या घरात कोंडी झालीय. पोरगी सकाळी चहा हातात आणून देते, आजोबा म्हणते, माझ्या गोळ्या चुकू देत नाही. मी बाल्कनीत जाऊन बसलो तर खुर्ची घेऊन तिथंही येते. पळू कुठे?

परवा पोहे खाता खाता तिनं विचारलं, "आजोबा, तुम्ही तिथं होतात ना — बाबांची चूक खरंच एवढी मोठी होती?"

बायको समोरच होती. तेव्हा सांगता आलं असतं. मी रिटायर होऊन बसलेला माणूस, माझं आता कोण काय वाकडं करणार होतं?

मी म्हणालो, "मोठी नव्हती गं. पण झाली त्याच्याकडून."

तिनं लगेच बापाला फोन लावला. आजोबा म्हणतात मोठी नव्हती, असं सांगितलं. पलीकडे दयानंद रडायला लागला, मला इथं ऐकू येत होतं. मी पोहे संपवले.