गिअरवरचा हात

त्याला सगळे दंतवैद्य म्हणत. दुकानाच्या पाटीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं, नुसतं एक दातेरी चाक रंगवलेलं होतं, आणि त्या चाकानेच घोळ केला. एकदा एक गृहस्थ सुजलेला गाल रुमालाने धरून थेट आत आले आणि म्हणाले, "दाढ काढायची आहे." याने हातातला पाना खाली न ठेवता सांगितलं, "बसा. भूल मिळणार नाही." गृहस्थ पळाले, नाव मात्र चिकटलं.

तो फक्त गिअरबॉक्स करायचा. ब्रेक, बॅटरी, पंक्चर घेऊन कोणी आलं की हात झटकायचा. शेजारच्या गाळ्यात इंजिनवाला. दोघांचं सख्य असं की एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. इंजिनवाला जुन्या छोट्या गाड्यांत मोठ्या गाड्यांची इंजिनं कोंबायचा आणि दंतवैद्य बोंबलायचा, "अरे, पोराच्या खांद्यावर पैलवान बसवतोस! पाप तू करायचं आणि फेडायचं मी!"

त्याचा एकच कायदा होता: गिअर टाकला की दांड्यावरून हात काढायचा. हात तिथेच विसावला की आतला फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, फिरत्या चाकावर घासत राहतो, झिजतो, आणि एक दिवस गिअर आपोआप सुटतो. हे त्याने गिऱ्हाइकांना सांगितलं, सोयऱ्यांना सांगितलं, भर लग्नात नवऱ्या मुलाच्या गाडीत डोकं घालून सांगितलं. एकदा बसच्या ड्रायव्हरने ऐकलं नाही म्हणून मधल्याच थांब्यावर उतरला आणि उरलेली वाट पायी चालला. भाचीला गाडी शिकवताना तर तिच्या मनगटावर चापट मारायचा. "हात काढ!"

ही भाची म्हणजे त्याच्या अक्काची एकुलती एक. टेकडीच्या रस्त्यावर गाड्या एकेकट्या वर पळवायची शर्यत असते, तिचं हिला वेड. गाडी जुनी, छोटी, वयाने हिच्याहून मोठी. त्यात इंजिनवाल्याने दुप्पट ताकदीचं इंजिन बसवलं, आणि पहिल्याच मोसमात तिसरा गिअर गेला. दंतवैद्याने दुसरा घातला. तोही गेला. बॉक्स उघडल्यावर तळाशी दात असे पडले होते की जणू कोणी भुईमुगाची टरफलं टाकून गेलंय.

"मामा, फुटणार नाही असा बॉक्स दे ना," भाची म्हणाली.

"फुटला तर काय, गाडी थांबेल," इंजिनवाला मध्येच बोलला.

दंतवैद्य त्याच्यावर उसळला. "दात तुटून खाली पडला तर गाडी थांबते. तोच तुकडा दोन गिअरांत अडकला तर चाकं थांबतात, गाडी नाही थांबत! वळणावर, डाव्या हाताला दरी असताना चाकं थांबली की काय होतं, सांग तिच्या आईला."

तिची आई तिथेच स्टुलावर बसली होती. अक्का फारसं बोलायची नाही. त्या दिवशी जाताना तिने भावाला बाहेर बोलावलं.

"ही माझं ऐकायची नाही, ते मला माहीत आहे. मी तुझ्या शब्दावर सोडतेय तिला. तू हो म्हणालास तर हो."

"अक्का, मी बांधलेला बॉक्स फुटत नाही," तो म्हणाला. छाती पुढे काढूनच म्हणाला. हे वाक्य त्याने तोवर अर्ध्या गावाला ऐकवलं होतं.

आणि बांधलाही तसाच. मूळचे गिअर तिरक्या दातांचे होते. असे गिअर आवाज करत नाहीत, पण फिरताना ज्या आसावर बसतात त्या शाफ्टला बाजूला रेटतात. त्याने ते सगळे काढून सरळ, जाड दातांचे गिअर करून घेतले, बेअरिंगं नवी घातली, एकेक दात भिंगाखाली पाहिला. सरळ दात भक्कम असतात, पण किंचाळतात. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आली तेव्हा कुत्री घराच्या मागे जाऊन बसली. अक्का म्हणाली, "ही गाडी रडतेय का रे?" तो म्हणाला, "रडू दे. रडणारं माणूस मरत नाही."

एक गोष्ट मात्र त्याने कोणाला सांगितली नाही. आयुष्यभर तो कानाने रोग ओळखत आला होता. कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, कुठला दात चावतोय, हे त्याला गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच कळायचं. या किंकाळीत त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. आपणच आपल्या कानात बोळा घातलाय असं त्याला वाटायचं, आणि वाटलं की तो शिट्टी वाजवायला लागायचा.

शर्यतीच्या सकाळी पायथ्याशी गाड्या ओळीत उभ्या होत्या. भाचीचा नंबर यायला अवकाश होता म्हणून दोघं मागच्या चढावर शेवटची चक्कर मारायला गेली. तिने तिसरा टाकला, हात स्टिअरिंगवर परत नेला, शिकवल्यासारखा, आणि पाय दाबला. रस्त्यातल्या उंचवट्यावर गाडी उडाली. आधाराला म्हणून त्याने हात टाकला तो नेमका गिअरच्या दांड्यावर.

दांड्याने लाथ मारली.

हलकीच. गाभण जनावराच्या पोटाला हात लावल्यावर आतून लागते तशी. त्याने हात काढला. मग मुद्दाम परत ठेवला.

"मामा! हात काढ!" भाची खदखदून हसली. "तूच?"

"पाय सोड. आता परत दाब."

पाय सुटला की दांडा गप्प. दाबला की लाथ. फक्त तिसऱ्यात, फक्त जोर पडल्यावर.

खाली आल्यावर तो म्हणाला, "तू पळवायची नाहीस."

"काय?"

"आत काहीतरी हलतंय."

इंजिनवाला धावत आला. "काहीतरी म्हणजे काय? तू तर म्हणायचास, माझा बॉक्स फुटत नाही!"

"थोबाड बंद कर आणि भांडं आण." दंतवैद्य गाडीखाली शिरला. त्याने बॉक्सचा खालचा नट सोडला. तेल भांड्यात पडू लागलं. आजूबाजूचे ड्रायव्हर वाकून बघत होते. नटाच्या टोकाला चुंबक असतो. आत दात किंवा बेअरिंग झिजत असेल तर लोखंडाची कणी त्याला चिकटते. त्याने नट बोटांत फिरवला, उन्हात धरला.

चुंबकावर नेहमीचा काळा लेप होता. कणी एकही नाही. तेल स्वच्छ.

"मधासारखं आहे," कोणीतरी म्हणालं.

"दंतवैद्याला स्वतःलाच भूल चढलीय," इंजिनवाला म्हणाला, आणि लोक हसले.

भाची हसली नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मामा, वर्षभर थांबलेय मी यासाठी. तेल भर. माझा नंबर जवळ आलाय."

अक्का लोकांच्या मागे उभी होती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. तेच त्याला जड गेलं. हो म्हणावं तर शब्द राहतो. नाही म्हणावं तर या सगळ्यांसमोर म्हणायचं की मी बांधलेल्या वस्तूवर माझाच भरवसा नाही, आणि पुरावा काय, तर तळहात.

त्याने तेल भरलं. नट आवळला. मग भाचीच्या दाराशी वाकून म्हणाला, "त्याच चढावर एकटी जा, तिथे दरी नाही. तिसऱ्यात जोर दे, आणि दांड्यावर हात ठेव."

"हात ठेवू?"

"ठेव. मग तू सांगशील ते."

ती गेली. किंकाळी वळणाआड गेली, बारीक झाली, परत मोठी होत आली. गाडी जागेवर येऊन थांबली, पण ती उतरली नाही. इंजिन बंद करून उजव्या हाताने डावा तळहात चोळत बसली.

"मारतोय," ती म्हणाली. मग शर्यतवाल्यांच्या टेबलाकडे स्वतःच चालत गेली आणि आपला नंबर खोडून आली. येताना तिने मामाकडे पाहिलं नाही.

दुपारी दुकानात बॉक्स उतरवला, उघडला. सगळे दात शाबूत. बेअरिंगं गुळगुळीत. इंजिनवाला आता चेष्टासुद्धा करेना, आणि ते जास्त झोंबलं. भाची भिंतीला टेकून उभी होती.

"काही नाहीये, मामा," ती म्हणाली. आवाज थंड होता.

दंतवैद्याने रिकामं अॅल्युमिनियमचं घर उचलून बाकावर ठेवलं. ज्या घरात दोन्ही शाफ्ट राहतात, ते. ते मूळचंच होतं, त्या छोट्या इंजिनासाठी ओतलेलं. त्याने ते रॉकेलने नीट भिजवलं, फडक्याने कोरडं पुसलं, खडू ठेचला आणि त्याची पांढरी भुकटी वर पसरली. कुठे चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडू वर ओढतो. नसेल तर खडू पांढराच राहतो.

खडू पांढराच होता.

अक्काने चहा आणला. कोणी घेतला नाही. दंतवैद्य दोन्ही मुठी बाकावर टेकून, वाकून बघत होता, दातावर दात घट्ट रोवून.

मग एका बेअरिंगच्या खोबणीशी पांढऱ्यावर एक ओलसर केस उमटला. बघता बघता लांबला, वाकडा होत दुसऱ्या खोबणीपाशी गेला. एका शाफ्टच्या घरापासून दुसऱ्याच्या घरापर्यंत. जोर पडला की ही चीर उघडत होती, दोन्ही शाफ्ट एकमेकांपासून लांब सरकत होते, आणि ते भक्कम दात फक्त टोकाटोकाने एकमेकांना धरून होते. दांड्याची लाथ तीच. आणखी एक चढ, आणि घर दुभंगलं असतं. चुंबकाला ते कळणं शक्यच नव्हतं. त्याला लोखंड कळतं, अॅल्युमिनियम नाही.

"जबडा," दंतवैद्य म्हणाला. "दात नवे बसवले मी. जबडा जुनाच ठेवला. अक्का, मी तुला हो म्हणालो होतो."

अक्का स्टुलावर बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. इंजिनवाला हळूच म्हणाला, "घराला बाहेरून जाड पट्ट्या घालू. मी कापून देतो."

"तू तुझ्या पैलवानाची हवा काढ आधी," दंतवैद्य गुरकावला, पण आवाजात जोर नव्हता.

भाची पुढे आली. तिने त्या ओल्या रेषेवर तळहात टेकवला, अख्खा, खडूसकट.

"हात काढ," तो सवयीने म्हणाला.

तिने काढला नाही. त्यानेही परत सांगितलं नाही.