ताईंनी न पाहिलेलं तोंड

आमच्या आरोग्य खात्यातल्या ताई म्हणजे तोंडांच्या जाणकार. सहा देशांच्या सरकारांनी मिळून ठरवलंय, तंबाखूच्या पाकिटांवर खऱ्या पेशंटांचेच फोटो छापायचे आणि ते एकमेकांना फुकट द्यायचे. लोकांची नजर सरावते, म्हणून दर दोन वर्षांनी नवे. फोटो मी काढतो, पेशंटची सही ताई आणतात. माणूस गेल्यावर सही कुठली मिळायला? त्यामुळे त्यांची कायम घाई.

वॉर्डात शिरल्या की म्हणणार, "दादा, आ करा. लाजू नका, मी काही स्थळ बघायला आलेली नाही." माणूस हसायचा, निदान प्रयत्न तरी करायचा. मग खाटेशी बसून त्याला सगळं सरळ सांगायच्या: काय झालंय, फोटो कुठे छापणार, नाही म्हणालात तरी चालेल. खोटा धीर कधी दिला नाही. मला ते ऐकवत नसे, मी उगाच लेन्स पुसत बसायचो.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, खात्याचीच गाडी चालवायचे. दुपारी आम्ही तिघं एकत्र डबा खायचो. या खेपेला बारा नवे फोटो तीन महिन्यांत बाकीच्या देशांना पाठवायचे होते, म्हणून ताई जेवतानाही कागद चाळत बसायच्या. त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. भाऊजी भात पातळ कालवून चमच्याच्या टोकानं आत सारत होते. तिखटाला हात लावत नव्हते. जांभई अर्ध्यावरच अडायची. आणि खिशात तंबाखूची पुडी असते, हे ताई सोडून सगळ्या ड्रायव्हरांना ठाऊक होतं.

मी दोन महिने गप्प बसलो. भित्रा मेला! शेवटी राहवेना तेव्हा म्हणालो, "ताई, एकदा भाऊजींचं तोंड बघा."

त्या भडकल्याच. "दात दुखतोय त्यांचा! तुला आता जिथे तिथे पेशंट दिसायला लागलेत. डोकं फिरलंय तुझं!" तीन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

चौथ्या दिवशी डबा उघडायच्या आधीच म्हणाल्या, "अहो, आ करा बघू."

"इथे? काहीतरीच काय!" भाऊजी हसले, ओठांनीच. मग त्यांनी आ केला. वॉर्डात करतात तशी ताईंनी तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहिली. निरोगी तोंडात तिन्ही जातात; इथे दोनही जाईनात. त्यांनी टॉर्च लावला. गालाच्या आत पांढरा चट्टा, मधे लाल. असले फोटो मी शेकड्यांनी काढलेत. तरी मी मान फिरवली.

"काय दिसलं गं?"

ताईंनी टॉर्च बंद केला. "काही नाही. उद्या सकाळी हॉस्पिटलला जायचंय."

"किती वाजता सोडू?" इतकी वर्षं ते ताईंना फाटकाशी सोडून गाडीतच थांबायचे.

"सोडायचं नाही," ताई म्हणाल्या. "गाडी लावून आत यायचं. माझ्याबरोबर."

भाऊजी गाडीची किल्ली माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "उद्या तू चालव."