दारातला हिवर

कुंडीत बोट घातलं तर चिखल लागला. वास आंबूस.

मी लेकीला विचारलं, "सुमे, ह्याला पाणी कुणी घातलं?"

"सगळ्यांनीच," ती म्हणाली. "वाळलं हुतं की, आबा."

वाळलं नव्हतं. हिवर होता तो, बाभळीच्या जातीचा. हिवर शिमग्याच्या आसपास पानं टाकतो आणि चैत्रात नवी काढतो. मधल्या दिवसांत नुसता काट्यांचा सांगाडा दिसतो. तेव्हा त्याला पाणी फारसं लागत नाही.

मिरजगावजवळ हायवेच्या कडेला एक नर्सरी आहे, तिथं मी माळी आहे. शाळा चौथीपर्यंत. कलमं बांधायची, पिशव्या भरायच्या आणि अलीकडे बोन्साय. बोन्साय म्हणजे मोठं होणारं झाड उथळ कुंडीत लहानच ठेवायचं, पण दिसायला ते म्हातारं दिसलं पाहिजे. लोक वड-पिंपळाचे करतात. हिवराचा आमच्याकडे कोणी केला नव्हता, त्यामुळे विचारायलाही कोणी नव्हतं.

हा हिवर आमच्या बांधावरचा. आमची मंडळी शेळ्या चारायची तेव्हा तिनं पाहिला. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाऊन तो गुडघ्याएवढाच ठेवला होता. बुंधा मात्र मनगटाहून जाड, साल पांढरट, भेगाळलेली.

"निम्मं काम शेळ्यांनी केलंया," ती म्हणाली. "उरल्यालं तुमी करा. मजुरी आमच्या शेळ्यांस्नी द्या."

हिवराचं सोटमूळ, म्हणजे सरळ खाली गेलेलं मुख्य मूळ, एकदम तोडलं तर झाड जातं. म्हणून एका पावसाळ्यात एका बाजूची मुळं तोडून माती परत लोटली. पुढच्या पावसाळ्यात दुसरी बाजू. त्यानंतरच्या पावसाळ्यात सोटमूळ कापून झाड वर काढलं. नर्सरीच्या कुंडीत मुरूम, विटांचा चुरा, चिमूटभर शेणखत. फांद्यांना वळण द्यायला ती फांदी धरायची, तार मी गुंडाळायचो. काटे दोघांनाही लागायचे.

नर्सरीत सगळ्या कुंड्यांवर रोज पाइपनं पाणी मारतात. ते ह्याला सोसलं नसतं. म्हणून मालकाला विचारून तो घरी आणला, दारात स्टुलावर ठेवला. पाण्याचं मंडळी बघायची. सकाळी कुंडी उचलायची. हलकी लागली तरच पाणी.

शिमग्याच्या तोंडावर ती गेली.

सुतकात मी आत भिंतीला टेकून बसलो होतो. बाहेर भेटायला माणसं येत होती. बायका यायच्या, गळ्यात पडून रडायच्या. रडून झालं की सुमन तांब्या द्यायची. त्या दारात उभ्या राहून तोंड धुवायच्या, चूळ भरायच्या, आणि तांब्यात उरलेलं पाणी कुंडीत ओतायच्या. आमच्या कर्जत तालुक्यात उन्हाळ्यात पाणी टँकरचं. उरलेलं पाणी मोकळ्या जमिनीवर टाकणं म्हणजे पाप. ते झाडाच्या बुडात जातं, हात आपोआप वळतो. त्यात हे झाड वाळकं दिसत होतं. जी आली तिला त्याची दया आली.

मी कुंडी उपडी करून झाड बाहेर काढलं. मुळं काळी पडली होती. साल शिजलेल्या शेंगेच्या टरफलासारखी बोटात निघत होती. कुजलेलं तेवढं कापत गेलो. कापत कापत बुंध्यापाशी आलो. बुरशीवरची पावडर लावली आणि कोरड्या वाळूत, सावलीला उभं केलं.

सुमन मागं उभी होती. "जगंल ना?"

"सांगता येत न्हाई."

तेराव्यानंतर ती श्रीरामपूरला तिच्या घरी गेली. मी कामावर गेलो.

मालकानं नगरच्या झाडांच्या प्रदर्शनात ह्या हिवराचं नाव देऊन ठेवलं होतं. माझ्या लेकीच्या वयाचा माणूस, वाईट नाही. दोन-चार दिवस गप्प राहिला, मग विचारलंच.

"नाना, हिवर कसा हाय?"

"मुळं कुजली."

"मग दुसरं काय न्यायचं?"

"वड न्या. वडाला कोण इचारतंय, पर न्या."

तो हसला नाही. मीही नाही.

पाडव्याच्या सुमारास हिवराला शेंड्याकडं पालवी फुटली. बारीक, पोपटी. मालक बघायला घरी आला आणि खूश झाला.

"नाना, तुमी तर मेलं म्हणत हुता."

मी बुंध्याजवळ नखानं साल खरवडून दाखवली. झाड जिवंत असेल तर सालीखाली हिरवं लागतं. वर हिरवं होतं, खाली तपकिरी. "ही पालवी खोडात साठवल्यालं खाऊन आलीया," मी म्हणालो. "खालनं काय येत न्हाई. संपलं की संपलं."

"प्रदर्शनापुरतं टिकंल?"

"टिकंल."

"मग नेऊ या की."

"न्हाई."

"आवो, आपलं नाव हुईल."

"मरणाऱ्याला मांडून बसायचं न्हाई, मालक. कामावरनं काढायचं तर काढा."

त्यानं काढलं नाही. वड नेला.

मंडळीनंही जायच्या आदल्या दिवशी उठून बसून पिठलं मागितलं होतं. सुमन हरखली होती, शेजारणीला सांगून आली. मी मात्र हरखलो नव्हतो.

ऊन चढलं तशी पालवी गळाली. मी बुंधा धरून वर उचलला तर वाळूतून अलगद निघाला. एकही नवं मूळ नव्हतं. तार सोडवून घेतली, ती पुन्हा वापरता येते. कुंडी धुऊन नर्सरीत परत दिली. झाड चुलीत घातलं नाही, बांधावर नेऊन ठेवलं.

सुमनचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "आबा, हिवर?"

"गेला."

"माज्यामुळं का? मीच तांब्या देत हुते सगळ्यांस्नी."

मी कुणाचं मन राखून बोलणारा माणूस नाही. मंडळी त्यावरून आयुष्यभर भांडली. फोन कानाला धरून मी दाराकडं बघितलं.

"सोटमूळ कापल्यालं झाड हुतं," मी म्हणालो. "त्याचं काय खरं नसतं. तू जेवलीस का?"

हिवर कुंडीत धरता येतो, हे मी अजूनही सांगतो. दोन-तीन पावसाळे थांबायची तयारी पाहिजे, एवढंच. फक्त तो दारात ठेवू नये. घरामागं ठेवावा, जिथं कुणाची ये-जा नाही.