पोराचं नाव सुमन

कुपवाडला आमचं छोटं वर्कशॉप आहे. तीन लेथ, एक सीएनसी, एक वेल्डिंग मशीन आणि आम्ही सात जण. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो, तसे आमच्याकडे चहाच्या वेळी किस्से साठतात. कितीही झाडून काढा, दुसऱ्या दिवशी तेवढेच! पण मध्यंतरी पंधरा दिवस एकाच विषयाचा ढीग पडला. विषय होता, संदीपच्या मुलाचं नाव.

संदीप आमचा लेथवाला. पेढ्यांचा बॉक्स घेऊन आला, तोही पडलेल्या चेहऱ्यानं.

मी म्हटलं, "अरे, मुलगा झाला ना? मग असं काय?"

"पोरगी झाली असती तर बरं झालं असतं," तो म्हणाला. "आता नाव ठेवायचंय सुमन!"

भानगड अशी होती. त्याची बायको रोहिणी साताऱ्याची. तिची आई सुमनबाई, प्राथमिक शाळेत शिक्षिका. नवरा लवकर गेला, एकटीनं लेकीला वाढवलं, शिकवलं. रोहिणीला पाचवा महिना लागला आणि सुमनबाई गेल्या. शेवटी दवाखान्यात रोहिणीनं त्यांचा हात धरून सांगितलं होतं, "आई, मुलगा होवो, मुलगी होवो, नाव सुमनच." संदीपनंही शेजारी उभं राहून मान हलवली होती.

आणि संदीपचे वडील, आबा, रिटायर्ड सुभेदार! त्यांनी नातवाचं नाव आधीच ठरवलं होतं, रणवीर.

"शब्द दिलाय गड्या," संदीप म्हणाला. "पण आबांपुढं तोंडच उघडत नाही." त्याचे डोळे भरून आले होते. मला खरंच वाईट वाटलं. तरी पेढे दोन घेतले.

*

या विषयावर बोलायचा पहिला मान आमच्या सुपरवायझरचा. त्यांचं नाव शीतल!

सांगलीच्या जैन घरांत शीतल हे पुरुषाचं नाव. इथं कुणाला त्यात काही वाटत नाही. शीतलअण्णा सहा फूट उंच, मिशा अशा की लिंबू ठेवावं. पण सांगलीची वेस ओलांडली की पंचाईत सुरू होते.

एकदा शिरवळच्या एका कारखान्यात त्यांचं तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. अण्णा गेस्ट हाऊसवर पोचले. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, जरा थांबा. एक शीतल मॅडम यायच्यात, त्यांना आधी रूम दाखवते."

अण्णा शांतपणे म्हणाले, "आल्यात."

"कुठायत?"

"तुमच्याशीच बोलत्यात!"

रूममध्ये त्यांच्यासाठी आरशाची पर्स, गुलाबी रुमाल आणि केसांचा ब्रश ठेवलेला होता. अण्णांना पुढून मागून टक्कल. मुलगी बिचारी ओशाळून सगळं उचलायला लागली, तर अण्णांनी हात आडवा घातला.

"ऱ्हाऊ दे बाळ. मॅडम घरी हाईत, त्यांना नेतो!"

*

लग्नाच्या वेळी तर कमालच झाली. अण्णांचा बायोडाटा पुण्याला एका स्थळाकडे गेला. आठ दिवसांनी मुलीच्या वडिलांचा फोन.

"अहो, तुम्ही चुकून तुमच्या मुलीचा बायोडाटा पाठवलाय. आम्हालाही मुलगीच आहे. तुमच्या मुलाचा पाठवा!"

अण्णांचे वडील म्हणाले, "त्योच मुलगा हाय."

पलीकडून आवाज आला, "आमच्या मुलीचं नावही शीतलच आहे हो!"

लग्न झालं. नाव कुणी बदलायचं यावर दोघंही अडून बसले, म्हणून कुणीच बदललं नाही. आता सासूबाईंनी "शीतल, दळण आन गं" म्हटलं की सून जाते, आणि नुसतं "शीतल, दळण आन" म्हटलं की दोघंही ऐकू न आल्यासारखं करतात!

*

सीएनसी चालवणारा प्रीतम म्हणाला, "मुलाला, मुलीला दोघांना चालंल असंच नाव पायजे ना? मग अ‍ॅप हाय की!" त्यानं मोबाईलमधून अशी काही नावं वाचली की त्यातली निम्मी बिस्किटांची वाटत होती.

वेल्डर आसिफभाई म्हणाले, "आमच्यात नूर हाय, शमीम हाय. कायबी व्हऊ दे, चालतंय."

शेवटी ठरलं, मतदान घ्यायचं. सुमन नसेल तर मुलाला, मुलीला दोघांनाही चालेल असं दुसरं नाव प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहायचं. अण्णांच्या हेल्मेटात सहा चिठ्ठ्या पडल्या. संदीपनं मोठ्या आशेनं एकेक उघडली.

सहा चिठ्ठ्यांवर सहा जणांनी आपापलं नाव लिहिलं होतं. मीसुद्धा! माझं नाव किरण. नियमात बसत होतं.

*

चौथ्या दिवशी सुभेदार आबा स्वतःच वर्कशॉपवर आले. संदीपचा डबा घरी राहिला होता. आम्ही खुर्ची दिली, चहा दिला.

आबांच्या नाकावर डाव्या बाजूला एक बारीक खड्डा आहे. आसिफभाईंनी सहज विचारलं, तर आबा ताठ बसले.

"सरहद्दीवर होतो तवाची गोष्ट. छर्रा आला सूंऽऽ करत! इतभर हिकडं आला असता, तर आज तुमच्यासंगं च्या प्यायला नसतो!"

संदीप अभिमानानं आमच्याकडे बघत होता. लहानपणापासून हीच गोष्ट ऐकून तो मोठा झाला होता.

तेवढ्यात प्रीतमनं नावाचा विषय काढला. आबा कडाडले, "पोराचं नाव पोरासारखं पायजे! उद्या गडी भरतीला गेला आन हवालदारानं हाक मारली, सुमऽऽन! सगळं ग्राउंड हसंल की!"

अण्णा हळूच म्हणाले, "आवं आबा, माझं नाव शीतल हाय."

आबांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमची गोष्ट येगळी. तुमास्नी मिशा हाईत."

"जन्माला आलो तवा नव्हत्या!"

आबांनी चहा तसाच ठेवला आणि गेले. डबाही परत घेऊन गेले. त्या दिवशी संदीप आमच्या डब्यांत जेवला.

*

आता सगळी भिस्त आत्यावर होती. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. आत्या जे सांगेल ते नाव. घरचे आधी ठरवतात हे खरं, पण तोंड तिचं!

संदीपची बहीण विट्याला दिलेली. नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान तिकडं कोइमतूरला. बाई खमकी. आबांनी लेकीला गुपचूप जरीची साडी पाठवली, "रणवीर म्हन." दोन दिवसांनी रोहिणीनंही बाळ बघायला आलेल्या नणंदेला साडी नेसवली. मागितलं काहीच नाही, आईचा फोटो तेवढा दाखवला आणि रडली.

संदीपनं बहिणीला फोन केला. "ताई, कुठलं नाव घेणार गं?"

"दोन्ही साड्या ठिवून घेतल्यात," ताई म्हणाली. "कुठली नेसून येतीया ते त्या दिवशी बघ!"

*

बारशाला आम्ही सगळे गेलो. पाळणा सजलेला. रोहिणी बाळाला मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली. आबा कडक इस्त्रीच्या कपड्यांत पाळण्याशेजारी उभे, जणू पहाऱ्यावरच! ताई आली ती तिसरीच साडी नेसून. संदीपला घाम फुटला.

"गोविंद घ्या, गोपाळ घ्या" झालं. बाळ पाळण्यात गेलं. ताई कानाशी वाकली आणि तेवढ्यात दारातून हाक आली.

"ये गंगू! हात दे की रं जरा!"

आबांची थोरली बहीण, कोरेगावच्या आक्का. वय पंच्याऐंशीच्या पुढचं. सगळे इकडं तिकडं बघायला लागले, गंगू कोण? आणि सुभेदार आबा मुकाट्यानं पुढं जाऊन आक्कांना हात देत होते!

"आक्का, हळू बोल," ते पुटपुटले.

आक्कांना ऐकू कमी येतं. त्यामुळं त्या बोलतात मोठ्यानं. "ह्येला गंगूच म्हनत हुतो आमी! ह्येच्या आदी तीन भाव गेलं. ह्यो चवथा. मग आईनं काय केलं, नाक टोचलं, परकर घातला, नाव ठिवलं गंगू. साळंत घालूस्तवर पोरगीच हुती ही! पोरगी समजून मरानानं वळूनबी बघितलं न्हाई. म्हून तर जगला माझा भाव!" बोलता बोलता म्हातारीनं पदरानं डोळे टिपले.

सगळं घर आबांच्या नाकाकडं बघत होतं.

शीतलअण्णांनी मिशीवरून हात फिरवला. "आबा, छर्रा?"

आबा रोहिणीकडं बघत होते. मग आक्कांकडं. मग बराच वेळ पाळण्याकडं.

आक्कांनी कमरेची चंची सोडली आणि एक पितळी डबी काढली. "आईनं जपून ठिवलेली तुजी नथ हाय ही. नातवाला आनलीया. घालू का?"

आबांनी झडप घालून डबीचं झाकण दाबून धरलं आणि लेकीकडं वळून ओरडले, "बघतीस काय? सुमन म्हन, सुमन! पन लवकर म्हन!"