सुकलालची बेंजो पार्टी

सारंगखेड्यात लग्नाची वरात म्हणजे सनई आणि संबळ, असंच चालत आलेलं. ते मोडलं चुनीलाल गुजरांच्या सुकलालने. अठ्ठावन्न साली कापूस विकायला तो सुरतेला गेला आणि येताना कळा दाबून वाजवायचा तारांचा बेंजो घेऊन आला.

"केळीले पानी कोन देई? तुन्हा बेंजो?" वडील म्हणाले.

सुकलाल पाणीही देई आणि बांधावर बसून वाजवीही. पण बेंजोचा आवाज नाजूक, वरातीत विरून जाणारा. तेव्हा बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजचा अँप्लिफायर आणि भोंगा त्याने मिळवला. मोटारीची बॅटरी बैलगाडीत ठेवली, माईक तारांजवळ बांधला. फाटका, खरखरीत आवाज निघाला आणि तापीच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला. कापूस वेचायला तोरणमाळकडून येणारा नवलसिंग पावरा आपला मोठा ढोल घेऊन पार्टीत आला. रूपचंद शिंप्याने क्लॅरिनेट धरलं.

दत्ताच्या यात्रेत त्यांनी पहिल्यांदा वाजवलं, तेव्हा घोडेबाजारातली एक घोडी बिथरून थेट जिलेबीच्या दुकानात शिरली. दुकानदार शिव्या देत होता आणि माणसं आणखी वाजवा म्हणत होती. त्यानंतर पाच-सहा वर्षं लोक आधी सुकलालला विचारत, मग मुहूर्त धरत. धुळीत नाचणारे पाय, ढोलाचा छातीत बसणारा ठोका आणि त्यावर तरंगणारा आपला बेंजो. सुकलालला याहून दुसरं सुख ठाऊक नव्हतं.

सहासष्टमध्ये त्याने दुसरा भोंगा आणला. तळोद्याच्या वरातीत दोन्ही भोंगे पूर्ण सोडले. भर चौकात नवलसिंग थांबला.

"मी वाजाडस, पन मन्हा ढोल कोनलेच ऐकू येत नही."

"लोकं भोंगाच ऐकाले येतस," सुकलाल बोलून गेला.

नवलसिंगने ढोल खांद्याला अडकवला. तो जीप उभ्या राहतात तिकडे चालू लागला. रूपचंद दोघांची समजूत घालून थकला आणि नंदुरबारच्या बँडमध्ये गेला. एकट्या बेंजोवर कोणी नाचेना. सुकलालने भोंगे विकले आणि शेतीत मन घातलं. मन काही लागलं नाही.

तीन वर्षांनी तो भोंगऱ्याला, होळीच्या आधी डोंगरात भरणाऱ्या आदिवासींच्या बाजाराला, गेला. दुपारच्या उन्हात पंधरा-वीस ढोल घुमत होते. मधे नवलसिंग होता. सुकलाल कडेला उभा राहिला. शेजारी वाजवत असताना इतकी वर्षं त्याने हा ढोल असा पुरता ऐकलाच नव्हता. नवलसिंगच्या हातांचं किती बारीक काम त्यात चालायचं.

ढोल थांबल्यावर तो पुढे झाला. "मन्ही चूक व्हयनी, नवल."

नवलसिंगने घाम पुसला. "बस. पानी पे."

पार्टी पुन्हा उभी राहिली नाही. पण दरवर्षी भोंगऱ्याला सुकलाल डोंगर चढत राहिला, आणि एका वर्षी रूपचंदलाही ओढून घेऊन गेला.